लुगड्यातला देह आणि खात्रीचा आवाज

यवतमाळ जिल्ह्यातील चिंतामणीचे कळंब घ्या, की आणखी कोणतेही तालुक्याचे गाव. लग्नाच्या स्वागतसमारंभात ‘जीव रंगला’ हे गाणे हमखास लागते. त्यात आश्चर्य नाही. अजय-अतुल यांनी इतकी आर्त चाल फार थोड्या वेळा बांधली आहे. मात्र हे युगुलगीत मुळात कोणाचे, हा प्रश्न मांडवात कुणाला पडत असेल असे वाटत नाही. ते एका जोगत्याचे आणि जोगतिणीचे आहे. ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटातला तायाप्पा हा देवीला वाहिलेला, लुगडे नेसायला लावलेला पुरुष आहे. आपण चाल तेवढी उचलली आणि लुगडे मागे ठेवले.

हे विस्मरण केवळ श्रोत्यांचे म्हणता येणार नाही. पार्श्वगायनाच्या पद्धतीतच त्याची सोय आहे. पडद्यावरचा देह संदिग्ध असला तरी त्याला लाभलेला हरिहरन यांचा आवाज निःसंशय पुरुषाचा आहे. डोळे मिटले की शंका संपते. ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत अभिनयाचे पारितोषिक उपेंद्र लिमये यांना आणि गायनाचे हरिहरन यांना मिळाले. दोघेही त्याला पात्रच होते. पण एकाच माणसाचा देह आणि कंठ असे वेगवेगळे गौरवले जावेत, यात मला काही अर्थ दिसतो.

यावर कुणी म्हणेल, तायाप्पा खरोखरच पुरुष आहे, त्याच्यावर लादलेल्या रूढीविरुद्धच तर हा चित्रपट आहे. हे मान्य. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांतून आलेला तो संताप खोटा नाही. परंतु जोगत्यांमध्ये स्वतःला मनापासून स्त्री मानणारेही असतात. त्यांच्या वाट्याला असे प्रेमगीत का येत नाही? ‘नटरंग’मध्ये (२०१०) हेच निराळ्या रीतीने घडते. गुणा नाच्या होतो, पण त्याआधी त्याचे पिळदार शरीर आपल्याला पुरेपूर दाखवलेले असते. जणू अनामत रक्कमच ती! नायक आतून ‘खरा मर्द’ आहे अशी हमी मिळाल्यावरच आपली सहानुभूती मोकळी होते. ज्याच्याबाबत ती हमी देता येत नाही, तो आपल्या चित्रपटांत बहुधा विनोदापुरता उरतो. शिवाय ‘नटरंग’मधून स्नेहसंमेलनांत पोचली ती बेला शेंडे यांच्या आवाजातली लावणी. नाच्या पोचला नाही.

जुन्या काळी सगळे उदार होते असे मुळीच नाही. बालगंधर्वांवर महाराष्ट्राने जीव टाकला तो ते घरंदाज नायिका रंगवीत म्हणून. तमाशातल्या नाच्याला ती माया कधी मिळाली नाही. पण बालगंधर्वांचा शालू आणि सूर एकाच माणसाचे होते, एवढे तरी खरे. (त्यांच्यावरच्या २०११च्या चित्रपटात मात्र देह सुबोध भावे यांचा आणि गळा आनंद भाटे यांचा.) आमच्या विदर्भातल्या खडी गंमतीतही स्त्रीवेशातला पोऱ्या स्वतः नाचतो, स्वतः बोलतो, स्वतः गातो. त्याचा फुटलेला, किंचित घोगरा आवाज लुगड्याशी जुळत नाही आणि प्रेक्षक ते न जुळणे पाहतो, ऐकतो. हसतोही, क्रूरपणे हसतो. तरीही त्याच्यापासून तो कंठ लपवलेला नसतो.

२०१६ साली मुंबईत तृतीयपंथी गायकांचे ‘सिक्स पॅक बँड’ उभे राहिले. त्यामागे एका चहाच्या कंपनीची जाहिरात होती, हे विसरू नये; पण पडद्यावरचे चेहरे गाणाऱ्यांचेच होते. मराठीत जोगत्यांच्या, नाच्यांच्या जगावर एवढी लोकप्रिय गाणी झाली. त्यांपैकी एखादे तरी चौंडके वाजवीत आयुष्य काढलेल्या कंठातून ध्वनिमुद्रित करावे, असे कुणा संगीतकाराला का वाटले नसेल? सुरेलपणाची अडचण सांगू नये. ज्यांच्या चाली ऐकून आपण ‘मातीतले संगीत’ घडवतो, ते बेसूर आहेत असे अजून कुणी म्हटलेले नाही.