राजवाड्यापासून चालत

इंदूरला निघालेली ओळखीची माणसं मला फोन करून चांगल्या हॉटेलचं नाव विचारतात. मी आधी त्यांनाच दोन गोष्टी विचारते. रात्री जेवायला कुठं जाणार? आणि सकाळी उठल्यावर पहिला घास कुठं खाणार? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. खोलीचे फोटो मात्र सगळे पाहून झालेले असतात. गादी, बाथरूम, टीव्ही आणि खाली ठळक अक्षरांत ‘नाश्ता मोफत’. खोली ठरते आणि मग खाणं त्या खोलीभोवती कसंबसं बसवलं जातं. ज्या गावाला खाण्यासाठी जायचं तिथं हे साफ चुकीचं आहे. आधी खायच्या जागा ठरवाव्यात आणि तिथून पायी परत येता येईल अशी खोली घ्यावी.

माझी सगळी नोकरी बँकेच्या तपासणी विभागात गेली. शाखेचं ऑडिट म्हणजे परक्या गावात हॉटेलचा मुक्काम. दिवसभर कर्जाच्या फायली आणि व्हाउचरांचे गठ्ठे, त्यामुळे गाव हाती लागायचं ते संध्याकाळी सहानंतर नाहीतर सकाळी दहाच्या आत. त्यात मी एकटी बाई. हॉटेल कुठल्या रस्त्यावर आहे, हा प्रश्न माझ्यासाठी खोली कशी आहे याच्या आधीचा होता. निवृत्त झाले तरी माझं मत तेच आहे, आणि इंदूरनं ते सगळ्यात जास्त पक्कं केलं.

इंदूरच्या खाण्याचं घड्याळ आपल्यासारखं नाही. तिथलं नाव काढण्यासारखं खाणं दिवसाच्या दोन टोकांना मिळतं. सराफ्याची खाऊगल्ली रात्री रंगते, तर पोहे सकाळी सातलाही गरम असतात. दिवसा सराफ्यात गेलात तर फक्त सोन्याचांदीची दुकानं दिसतील. रात्री आठ-साडेआठनंतर त्यांची शटर पडू लागतात, त्याच ओट्यांपुढं कढया आणि तवे मांडले जातात आणि नऊ-साडेनवानंतर खरी गर्दी होते. बारापर्यंत तरी गल्ली हलत नाही. रात्री माणसांची वर्दळ राहिली की दुकानांना राखण मिळते, म्हणून सराफांनीच खाणं विकणाऱ्यांना जागा दिली, असं जुने लोक सांगतात. म्हणजे शेवटचा पदार्थ खाऊन तुम्ही परत निघता ती वेळ झोपेची, आणि पहिला पदार्थ खायला बाहेर पडता ती नुकतं उठल्याची. दोन्ही वेळा अंथरूण जवळ हवं.

सराफ्यात जोशींच्या दहीवड्याच्या दुकानासमोर उभं राहून पाहण्यासारखं आहे. वडा असलेल्या द्रोणात घट्ट दही घातलं जातं, तो द्रोण वर उडवून पुन्हा झेलला जातो आणि दही जागचं हलत नाही. मग एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले उचलून ते एकामागून एक सोडले जातात. तिखट वेगळं पडतं, जिरं वेगळं, काळं मीठ वेगळं. लोक मोबाइल काढून हे टिपत असतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते दही. आंबट नाही, त्याला अंगचा गोडवा आहे, आणि वडा आतपर्यंत भिजलेला असूनही फुटत नाही. जवळच भुट्ट्याचा कीस मिळतो. मक्याचं कणीस किसून तुपात परततात, दुधात शिजवतात आणि वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू. थंडीत गेलात तर गराडू खाल्ल्याशिवाय येऊ नका. हा एक कंद आहे. फोडी तेलात कडक तळून त्यांवर जिरावण मसाला आणि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा मऊ. शिकंजी म्हटल्यावर आपल्याला लिंबूपाणी आठवतं, पण इंदूरची शिकंजी दुधाची असते, दाट आणि सुक्यामेव्याची, एक ग्लास दोघांना पुरतो.

एवढं सगळं एका बैठकीत खाता येत नाही, आणि खाऊही नये. हॉटेल लांब असलं की माणूस एकाच फेरीत सगळं उरकायला बघतो. रिक्षाचं जाणं-येणं, उशीर होतोय, पुन्हा कोण येणार, म्हणून पोट नको म्हणत असतानाही जिलेबा (तिथली भलीमोठी जिलेबी) आणि मालपुवा घेतला जातो आणि दुसरा दिवस खोलीत लिंबूपाणी पिण्यात जातो. हॉटेल जवळ असलं तर दहीवडा आणि कीस खाऊन खोलीवर यावं, पाय पसरावेत, तासाभरानं वाटलं तर रबडीसाठी पुन्हा खाली उतरावं. नाही वाटलं तर उद्या आहेच. मी तिथं अशीच राहते आणि माझं पोट कधी बिघडलं नाही.

आता अंतरांचं सांगते. विजयनगरकडची नवी हॉटेलं दिसायला उत्तम आहेत. रुंद रस्ते, मॉल, काचेच्या इमारती. माझ्यासारख्या नाशिककरांना तर तो रस्ता ओळखीचा वाटायला हवा, कारण इंदूरकर ज्याला ‘एबी रोड’ म्हणतात तो आपल्या द्वारका चौकातून जाणारा मुंबई-आग्रा रस्ताच. पण विजयनगरहून जुन्या शहरातला राजवाडा सहा-सात किलोमीटर आहे आणि सराफा राजवाड्याला लागून. रेल्वे स्टेशन ते राजवाडा हे अंतर दीड-दोन किलोमीटरच भरतं. स्टेशनाजवळची पुष्कळ स्वस्त हॉटेलं छोटी ग्वालटोली आणि सरवटे बसस्थानकाच्या बाजूला आहेत. ती नकाशावर जवळ दिसतात, पण मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. शास्त्री पूल नाहीतर पटेल पूल ओलांडून जावं लागतं, आणि रात्री पुलावरून एकटीनं चालणं मला पसंत नाही. म्हणून मी रुळांच्या राजवाड्याकडच्या अंगाला खोली घेते. ती लहान असेल, खिडकीबाहेर दुसऱ्या घराची भिंत असेल, लिफ्ट जुनी असेल. चालतं.

बायकांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे आणि प्रवासाच्या पुरवण्यांमध्ये ते कुणी लिहीत नाही. रात्री साडेअकराला सराफ्यातून निघून माणसांनी भरलेल्या रस्त्यानं दहा मिनिटं चालत हॉटेलात येणं मला निर्धास्त वाटतं. त्याच वेळी अनोळखी गाडीत बसून रिकाम्या रस्त्यानं सहा-सात किलोमीटर जाणं वाटत नाही. लांबचं हॉटेल घेतलेल्या बायका अशा वेळी काय करतात ते मी सहकारी मैत्रिणींमध्ये पाहिलं आहे. त्या रात्री बाहेरच पडत नाहीत. खोलीत डाळ-तडका आणि जिरा राइस मागवतात. इंदूरपर्यंत येऊन सराफा न बघता परत गेलेल्या अशा कितीतरी जणी मला माहीत आहेत, आणि दरवेळी त्याचं कारण हॉटेलचा पत्ता हेच होतं.

खोली ठरवण्याआधी मी फोन करून एक प्रश्न आवर्जून विचारते. रात्री साडेबाराला आले तर दार उघडं मिळेल ना? जुन्या भागातली काही लॉज अकराला जाळी ओढून घेतात आणि रखवालदाराला हाका मारत उभं राहावं लागतं. एकदा अशाच चौकशीला पलीकडून मराठीत उत्तर आलं, ‘‘मावशी, सराफा बाराच्या आधी संपत नाही. तुम्ही सावकाश या, मी बसलेलाच असतो.’’ होळकरांच्या गावात असं मराठी अजून कानावर पडतं. त्या माणसानं शब्द पाळला, आणि मी पुढं तिथंच उतरत राहिले.

मोफत नाश्ता ही या सगळ्यातली सगळ्यात महागाची गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. तो मोफत नसतो, खोलीच्या भाड्यात असतो. आणि पैसे दिलेत म्हणून तुम्ही साडेआठला बुफेच्या रांगेत उभे राहता. तिथं इडली, उपमा, कापलेलं कलिंगड आणि पावाला लावायचा जाम. हेच कोइमतूरला, हेच लखनौला. त्याच वेळी खाली राजवाड्याच्या परिसरात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मोठी परात ठेवलेली असते आणि तिच्यात पोहे वाफेवर राहिलेले असतात. आपल्यासारखे शेंगदाणे घालून परतलेले नव्हेत. बडीशेपेचा हलका वास, किंचित गोड, वरून बारीक कांदा, लिंबू, मूठभर शेव आणि जिरावणाची चिमूट. शेजारी कढईतून काढलेली जिलेबी. पोह्यांवर तिखट रस्सा ओतून उसळ-पोहेही मिळतात. शेजारचा माणूस ‘‘भिया, सेव थोडी और’’ म्हणत असतो, कुणी पेपर वाचत उभा असतो, आणि मी त्यांच्यात उभी असते.

मुलं बरोबर आहेत, आई-वडील थकलेले आहेत, उभं राहून खाणं जमत नाही, अशांना मी न्यू पलासियातल्या ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीच्या आसपास खोली घ्यायला सांगते. स्टेशनापासून ते दुसऱ्या बाजूला दोन-अडीच किलोमीटरवर आहे. तिथं गाड्यांना मज्जाव आहे, बसायला जागा आहे, सकाळपासून दुकानं उघडी असतात. स्वच्छतेसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्या गल्लीला 2019 मध्ये मान्यता दिली आहे. खोपरा पॅटिस तिथं उत्तम मिळते. सराफ्याची मजा तिथं नाही, पण ऐंशीच्या आजोबांना सराफ्याच्या गर्दीत ढकलत नेण्यापेक्षा हे केव्हाही बरं. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनीही जुन्या भागात ती नेऊ नये. राजवाड्याच्या आसपास संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यात तास जातो.

जुन्या शहरात राहिलं की अस्वच्छता सोसावी लागेल, ही भीती मला लोक बोलून दाखवतात. इंदूरपुरती तरी ती काढून टाका. 2017 ते 2023 या काळातल्या सातही स्वच्छ सर्वेक्षणांत हे शहर पहिलं आलं, शेवटच्या वेळी सुरतेच्या बरोबरीनं. सराफा उठल्यावर रात्रीच गल्ली झाडून निघते आणि सकाळी सराफाचं दुकान उघडतं तेव्हा आदल्या रात्रीचा द्रोण सापडत नाही. गॅस सिलिंडर आणि अरुंद गल्ली यांमुळे आगीचा धोका आहे, ही तिथल्या व्यापाऱ्यांची तक्रार मात्र खरी आहे. महापालिकेनं तिच्याकडे गंभीरपणे बघायलाच हवं. त्यावर उपाय म्हणून खाऊगल्लीच दुसरीकडे हलवावी, हे मला मान्य नाही. पारंपरिक पदार्थांचे ठेले राहू द्यावेत, नूडल्स आणि पिझ्झाची गर्दी कमी करावी, आग विझवायची साधनं गल्लीतच ठेवावीत.

हे इंदूरपुरतंच नाही. अहमदाबादला माणेक चौकात हेच आहे, दिवसा सराफा आणि रात्री खाणं. तिथं एस. जी. हायवेवर उतरलेला माणूस आणि लाल दरवाज्याजवळ उतरलेला माणूस दोन वेगळी शहरं बघून येतात. 2017 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं ते त्यातलं दुसरं. कोल्हापूरला गंगावेशीत सकाळी म्हशीचं धारोष्ण दूध समोर काढून, फेसासकट ग्लासात देतात. महामार्गालगतच्या हॉटेलात झोपलेल्या पाहुण्याला ते कुणी सांगतही नाही.

हे नाशकात बसून लिहिते आहे, म्हणून शेवटी माझ्या गावाबद्दल. 2027 मध्ये सिंहस्थ आहे. देशभरातून माणसं येतील आणि त्यातली बरीचशी महामार्गालगतच्या हॉटेलांत उतरवली जातील. गोदाकाठच्या जुन्या नाशकात उतरायला धड खोल्या कमी आहेत. ज्या आहेत त्यांच्या पायऱ्या, दिवे आणि बाथरूम सुधारायला मालकांना अजून वेळ आहे. त्यांना माझं सांगणं आहे की खोलीचे दर नाश्त्यासह आणि नाश्त्याविना असे वेगवेगळे लावा. रात्री दारावर माणूस ठेवा. आणि मिसळ कुठं, जुन्या नाशकातली जिलेबी कुठं, किती वाजेपर्यंत आणि पायी किती मिनिटांवर, हे एका कागदावर लिहून काउंटरवर लावा. त्याला पैसे लागत नाहीत.