शिपायाच्याच पोटात मुक्काम!

दोस्तांनो, आपल्या शरीरात पांढऱ्या पेशींचे शिपाई सतत गस्त घालत असतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांतल्या भक्षक पेशी तर भलत्याच खादाड! जंतू दिसला की गिळला आणि पोटातल्या आम्लात विरघळवला.

पण ‘काळा आजार’ घडवणारा लिशमॅनिया मोठा बिलंदर. वाळूमाशी चावली की हा परजीवी अंगात शिरतो आणि मुकाट्याने स्वतःला गिळू देतो. आत गेल्यावर लांब शेपटी आखडून घेतो, गोल गरगरीत होतो आणि चक्क त्या आम्लातच बाळसं धरतो! वर पेशीने ‘चोर, चोर!’ अशी बोंब मारू नये म्हणून तिचे निरोपही दाबून टाकतो. एकाचे दोन, दोनाचे चार... शेवटी पेशी फुटते आणि ही पिलावळ पुढच्या शिपायाच्या पोटात! इकडे रोग्याचा ताप हटत नाही, पानथरी फुगते. उपचार झाले नाहीत तर बहुतेक रोगी दगावतात.

१९०३ मध्ये लिशमन आणि डोनोव्हन यांनी हा चोर सूक्ष्मदर्शकाखाली पकडला. पण त्याला मारायचं कसं? औषधालाही शिपायाच्याच पोटात शिरायला हवं ना! १९२० च्या सुमारास कलकत्त्यात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी तसं औषध बनवलं, ‘युरिया स्टिबामाइन’. तेही कुठे? ना नळ, ना वीज अशा एका लहानशा खोलीत, कंदिलाच्या उजेडात!