जारवा ‘दिसले का?’ हा प्रश्न विचारणं बंद करा

अंदमानहून परतल्यापासून रोहण्यात मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न कोणता? "काहो भाऊ, ते जारवा दिसले का?" सेल्युलर जेल कसं आहे, हे फक्त दोघांनी विचारलं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

आमचे साडभाऊ केंद्राचे कर्मचारी. त्यांच्या एलटीसीसोबत आम्हीही पदरचे पैसे भरून गेलो. पॅकेजमध्ये एक दिवस बाराटांगचा. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) रात्री तीनला उठवून गाडीत बसवलं. जिरकाटांगच्या चेकपोस्टवर उजाडायच्या आत गाड्यांची ही लांब रांग! तिथून पुढे जारवांचं राखीव जंगल. ठरलेल्या वेळी, पोलिसांच्या देखरेखीत, सगळ्या गाड्या एकदम सुटतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही, असे फलक लावलेले.

आणि आमचा ड्रायव्हर काय म्हणाला? "नसीब अच्छा रहा तो दिखेंगे."

मित्रांनो, हेच वाक्य मी आपल्या बोर व्याघ्र प्रकल्पात जिप्सीवाल्याच्या तोंडून ऐकलंय. वाघाबद्दल!

दिसले. दोन बाया आणि एक लेकरू, रस्त्याच्या कडेला. गाडीतले सगळे एका बाजूला कलले. मीही कललो, खोटं कशाला बोलू? त्या बायांनी आमच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. रोज शेकडो गाड्या जातात, कोणाकोणाकडे पाहतील?

आता थोडी माहिती. २०११ मध्ये जारवा एकूण सुमारे चारशे होते. आपल्या रोहण्याच्या एखाद्या वॉर्डात याहून जास्त मतदार निघतील. हा अंदमान ट्रंक रोड त्यांच्या जंगलातून काढला, तो काही त्यांना विचारून नाही. १९९८ च्या सुमारास ते बाहेरच्या लोकांत येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. ग्रेट अंदमानी लोकांचं काय झालं तेही पाहा. १८५८ मध्ये इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा ते काही हजार होते, आज पन्नासच्या आसपास उरलेत.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राखीव जंगलातला हा रस्ता बंद करायला सांगितलं. झाला नाही. २०१२ मध्ये जारवा बायांना खाण्याचं आमिष दाखवून नाचवल्याचा व्हिडिओ जगभर गाजला. २०१३ च्या जानेवारीत न्यायालयानं पर्यटकांना बंदी घातली, मार्चमध्ये ती उठली. गाड्या पुन्हा सुरू.

यावर लोक म्हणतात, "रस्ता बंद केला तर मधल्या आणि उत्तरेकडच्या गावांनी काय करायचं?" बरोबर आहे. त्यांचा पेशंट, त्यांची एसटी, त्यांचा भाजीपाला अडवा असं मी म्हणत नाही. पण मी कोण? मी तर गुहा पाहायला चाललो होतो. मला कोणती घाई होती? पर्यटकाला समुद्रमार्गे न्या ना! बेटावर बोटींचा काय दुष्काळ आहे? आणि ते जमत नसेल तर बाराटांग पाहू नका. काही बिघडत नाही.

दुसरं म्हणतात, "फोटो तर काढत नाही ना, नुसतं पाहतो." ठीक. उद्या नागपूर-मुंबईच्या शंभर गाड्या पोलिस बंदोबस्तात रोज आपल्या गल्लीतून हळूहळू जाऊ द्या. आपल्या आया-बहिणी अंगणात भांडी घासताहेत आणि काचेतून माणसं बोट दाखवताहेत, "ते पाहा, विदर्भातले शेतकरी!" चालेल? दुसऱ्या दिवशी आपणच तहसीलवर मोर्चा नेऊ.

आदल्याच दिवशी आम्ही सेल्युलर जेलमध्ये होतो. सावरकरांची कोठडी पाहिली, १९११ ते १९२१ चा काळ ऐकला, सगळ्यांचे डोळे ओले. परक्यानं येऊन माणसाला कोंडलं म्हणून रडलो. आणि दुसऱ्याच पहाटे, ज्यांच्या घरात आपण परके, त्यांना पाहायला रांगेत उभे! ही विसंगती कोणाच्याच डोक्यात आली नाही. माझ्याही नाही. परतीच्या विमानात आली.

टूरवाला तेच विकतो जे आपण विकत घेतो. म्हणून बुकिंग करताना एवढंच सांगा, "बाराटांगचा दिवस काढून टाका, त्याऐवजी दुसरं काही द्या." दहा जणांनी सांगितलं तर ऐकणार नाही, हजारांनी सांगितलं तर ऐकेल.

त्या दिवसाचे पैसे मीही भरलेत. म्हणून बोलायचा हक्क नाही असं कोणी म्हणेल. मी म्हणतो, म्हणूनच बोलायला पाहिजे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. पण "दिसले का?" असं पुन्हा विचारू नका. ती माणसं आहेत.