भिंती नसलेलं गाव कुठाय?

मराठी समीक्षकांच्या नाकाला काहीतरी झालंय. खेड्यातला पिक्चर लागला की त्यांना मातीचा वास येतो. आमच्या माळशिरसच्या माळावर माती कमी, मुरूमच जास्त. मुरमाला वास नसतो, तो पायाला टोचतो.

'बनगरवाडी'बद्दल बोलतोय. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ची, अमोल पालेकरांचा पिक्चर १९९५चा. त्या साली मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथं आलेला पोरगेला मास्तर, त्यानं लोकांच्या हातून उभारलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळ. माणसं मेंढरं जगवायला निघून जातात, वाडी ओस पडते. मी तो सूतगिरणीतल्या एका दोस्ताच्या मोबाईलवर पाहिला, दोन पाळ्यांच्या मधी, तुकड्यातुकड्यानं. पिक्चर मला आवडला. माडगूळकर माणदेशचे. कळपामागं माणूस कसा चालतो ते त्यांना ठाऊक होतं. माझं भांडण त्यांच्याशी न्हाई.

भांडण आहे ते परीक्षणांशी. अस्सल, निरागस, मातीचा गंध. बस्स, एवढीच इस्टेट! आणि दुष्काळ म्हणजे नियती. का हो, नियती का? आमच्याच तालुक्यात या. अकलूज-माळीनगरकडं नीरेचा कालवा, ऊस, कारखान्याच्या चिमण्या. खाली पिलीवकडं वळा, करपलेला माळ. तालुका एकच, आभाळही एकच. एका बाजूला नियती गोड होते आणि दुसरीकडं कोरडी राहते, हे कसं? पाऊस पडणं न पडणं आभाळाच्या हाती असेल, पण पाटाची चारी कुणाच्या वावरात वळवायची ते माणसं ठरवतात. ज्याला वावरच न्हाई त्याच्याकडं चारी कशाला वळेल? गावकीच्या राबणुकीपायी ज्यांना वतनाचा तुकडा चिकटवला होता, त्यांच्या पोरांना हे सांगावं लागत न्हाई. समीक्षकाला मात्र पडद्यावर भेगाळलेली जमीन दिसली की छायाचित्रणच आठवतं.

आनंदा रामोशी घ्या. भुरटा चोर, पण मनाचा भला, मास्तरावर जीव लावणारा. परीक्षणवाल्यांचा तो लाडका. अरे, पण रामोशाच्या नावामागं चोर हा शब्द कुणी लावला? गोऱ्या सरकारनं १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, आणि तो डाग कागदावरनं पुसायला १९५२ उजाडलं. रामोशी आजही विमुक्त जातींच्या यादीत आहेत. विमुक्त कशातनं, ते विचारा की एकदा. गोड चोर म्हणून गालगुच्चा घेतला की काम भागतं.

या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर झालं. त्याचं नाव 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स', म्हंजे गावाला भिंती नव्हत्या. असतीलही नसलेल्या, त्या वाडीला! पण समीक्षक एका वाडीवरनं सगळ्या खेड्याचं चित्र काढतो आणि हळहळतो, की असं निर्मळ खेडं आता उरलं न्हाई. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत खेड्याच्या या भक्तांचे वाभाडे काढले होते. संकुचितपणाचं आणि अडाणीपणाचं डबकं, असंच त्यांनी खेड्याला म्हटलं. शहरात बसून खेड्यासाठी उसासे टाकणाऱ्यानं ते भाषण एकदा वाचावं. भिंत तिच्या आतल्याला दिसत न्हाई. दिसते ती बाहेर उभं केलेल्याला.

आता हा हिशेब बघा. १९८३ला अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर. पुढच्याच वर्षी, १९८४ला जळगावला, शंकरराव खरात. दोघंही आटपाडी भागातले. पाणी एक, दुष्काळ एक. पण माडगूळकरांचा तो माणदेश आणि खरातांचं ते 'दलित आत्मकथन'. एकाची माती, दुसऱ्याची जात! 'तराळ-अंतराळ' १९८१चं पुस्तक. गावकीचं काम करणाऱ्या तराळाचा पोरगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो. यात पिक्चरला काय कमी आहे? दुष्काळ हाय, गाव हाय, शाळा हाय. मातीचा वास तेवढा येणार न्हाई, चावडीचा येईल. २०१३ला नागराज मंजुळेंचा 'फँड्री' आला, आपल्याच जिल्ह्यातल्या पोराचा. तेव्हा याच लेखण्यांना दाहक, विद्रोही असले शब्द सापडले. म्हंजे शब्द होते त्यांच्याकडं. 'बनगरवाडी'च्या वेळी कुठं ठेवले होते?

आपल्यातलेही काही म्हणतात, सोड रे, तो पिक्चर त्यांचा, आपण कशाला बघायचा? हे मला पटत न्हाई. न बघता शिव्या घालणं म्हंजे मैदान त्यांनाच सोडणं. येत्या अमावास्येला समाजमंदिरात पडदा लावू. धनगर गल्लीतल्या आणि रामोशी वस्तीतल्या पोरांनाही बोलवायचं, आधी त्यांना बोलू द्यायचं. मग ज्यानं त्यानं लिहून द्यावं. एका पानाच्या वर नको, कागद महाग आहे.