घरचा जुना संगणक मोडीत काढू नका



मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन घेतलेला संगणक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवला. जुन्या यंत्रावर ‘विंडोज ११’ बसत नाही. मग दुकानदार नवा घ्या म्हणतो. खिशात हात घालण्यापूर्वी ‘लिनक्स’ची ओळख करून घ्या.

संगणकाचे भाग, फायली व कार्यक्रम यांचा मेळ घालणाऱ्या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. लिनक्सचे वळण युनिक्सचे. युनिक्सची सुरुवात १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी केली. पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच, परंतु कोणालाही वापरता, तपासता, बदलता व वाटता येईल अशी ‘ग्नू’ प्रणाली उभारण्याचे जाहीर केले. तिला गाभा हवा होता. तो १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला आणि १९९२ साली ग्नूच्या परवान्याखाली खुला केला.

या परवान्याची अट महत्त्वाची आहे. सुधारलेली प्रणाली जो दुसऱ्याला देईल, त्याने तिचे मूळ लेखनही द्यायचे. त्यामुळे हे ज्ञान कोणाच्या तिजोरीत बंद होत नाही. आपल्या हातातील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात.

उबंटू, डेबियन, लिनक्स मिंट ही तिची रूपे इंटरनेटवरून फुकट मिळतात. चार जीबी रॅमवर मिंट चालते. पेनड्राइव्हवरून सुरू करून आधी नुसते पाहता येते. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. अर्ज, हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस आहे, मराठीही टाइप होते.

अडचणही सांगितली पाहिजे. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. मुलगी टॅली शिकत असेल तर विंडोज पुसू नका. प्रिंटर चालतो का तेही आधी पाहा. कायमचे बसवण्यापूर्वी फोटो, दाखले दुसरीकडे उतरवून ठेवा.

विंडोजचे पोट कंपनी उघडून दाखवत नाही. लिनक्सचे आपल्या मुलामुलींना उघडून वाचता येते, तेही फी न भरता. येत्या रविवारी त्यांना संगणकापुढे बसवा.