न झालेल्या पाहणीची किंमत

शिरूर तालुक्याच्या वायव्य कोपऱ्यात, घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या दरम्यान, कवठे येमाईचा परिसर पसरलेला आहे. एके काळचा हा जिराईत मुलूख. बाजरी, मटकी, हुलगा आणि त्यांच्या आजूबाजूला मेंढ्यांची चराई. आज तेथे नजर पोहोचेल तेथवर ऊस आहे, आणि त्या उसात बिबट्या आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात व नोव्हेंबरच्या आरंभी जवळच्या पिंपरखेड व जांबूत या गावांत त्याने तीन माणसांचे बळी घेतले. त्यांत दोन मुले होती. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. अखेर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली.

या घटनांनंतर झालेली चर्चा बिबट्याचे काय करावे एवढ्यापुरतीच राहिली. पकडावे, मारावे, नसबंदी करावी की दूर नेऊन सोडावे, असा तो वाद. डिसेंबरच्या विधिमंडळ अधिवेशनात तर जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पनाही मांडली गेली. बिबट्या जंगलातून उपाशीपोटी गावात येतो, हे गृहीत या कल्पनेच्या मुळाशी आहे. आणि ते गृहीतच तपासून घ्यावयास हवे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेली पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. दाट लोकवस्तीच्या त्या बागायती खोऱ्यात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि तितकेच तरस. त्यांच्या खाद्यात सर्वांत मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा होता. म्हणजे हे जनावर पाहुणे नव्हे, रहिवासी आहे. मादी उसातच विते आणि पिल्ले उसातच वाढतात. पकडून लांब सोडल्याने काय होते, हेही जुन्नरने २००१ ते २००३ या काळात अनुभवले आहे. बिबटे हलविले गेले आणि माणसांवरील हल्ले वाढले. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला एक नर गळ्यातील रेडिओ पट्ट्यासह सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीपर्यंत जाऊन पोहोचला होता.

मात्र ही सारी माहिती उशिरा आली, आणि खरा प्रश्न त्या उशिराचा आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आखली गेली तेव्हा पाणी कोठे अडेल, किती हेक्टर भिजेल, कोणती गावे उठतील, याचे हिशेब झाले. भिजणाऱ्या जमिनीवर त्या वेळी कोण राहत होते आणि भिजल्यावर कोण राहावयास येईल, हा हिशेब कोणी मांडला नाही. त्याचा दोष त्या काळच्या अभियंत्यांना देणे अन्यायाचे होईल. नदीखोरे प्रकल्पांची पर्यावरणाच्या अंगाने छाननीच देशात १९७६-७७ च्या सुमारास सुरू झाली. शिवाय १९७२ चा दुष्काळ भोगलेल्या शेतकऱ्याला, आधी लांडगे-खोकडे मोजू, मग पाणी देऊ, असे सांगण्याचे धाडस कोणी केले असते? पाणी यावयासच हवे होते. पण त्याबरोबर थोडे गायरान राखणे, ओढ्याकाठची झाडी सोडणे, गोठे बंदिस्त करावयास मदत देणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतीपंपांना दिवसा वीज देणे, या गोष्टी अशक्य नव्हत्या. रात्री दोन वाजता वीज येते म्हणून शेतकरी रात्री दोन वाजता उसात उतरतो. विजेचे वेळापत्रक आखणाऱ्याला तेथे बिबट्याचा वावर असल्याची खबर दप्तरातून कधी मिळालीच नाही. आता एका मृत्यूमागे शासन २५ लाख रुपये मोजते.

आज तरी हे होते आहे काय? पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास १९९४ च्या अधिसूचनेने बंधनकारक केला आणि २००६ च्या अधिसूचनेने त्याची नवी चौकट घालून दिली. परंतु अभ्यास करणारा सल्लागार प्रकल्पवालाच नेमतो आणि त्याचे पैसेही तोच देतो. पाहणी बहुधा एकाच हंगामाची, आणि तीही पावसाळा वगळून. पुण्याच्या पूर्वेकडील माळरानासाठी हा नियम विशेष घातक आहे. येथले गवत पावसाळ्यात उठते. तणमोरासारखा पक्षी पावसाळ्यातच विणीला येतो. मे महिन्यात त्या माळावर उभा राहणाऱ्याला दगड आणि धूळ दिसणार, आणि अहवालात शेरा पडणार तो 'पडीक जमीन' असा. सरकारी दप्तरांतही गवताळ माळाची गणना अनेकदा याच सदरात होत आली. सुप्याला चिंकाऱ्यांसाठी १९९७ साली राखलेले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. त्याबाहेरचा माळ कारखान्यांना, भूखंडांना आणि रस्त्यांना मोकळा मानला जातो.

आधी विचार करणे जमतच नाही, असे नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल या आक्षेपामुळे पुणे-नाशिक जलद रेल्वेच्या मूळ आखणीचा फेरविचार करावा लागला. दूरच्या ताऱ्यांचे क्षीण संकेत ऐकू यावेत म्हणून लोहमार्ग वळू शकतो. मग त्याच भागातील ओढे आणि चराऊ माळ आखणीच्या नकाशावर उमटू नयेत, याला तांत्रिक कारण कोणते?

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार गावोगावी समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या व्हावयाच्या होत्या. सतरा वर्षांनी, २०१९ साली, राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दरमहा दहा लाखांच्या दंडाची तंबी दिली, तेव्हा राज्यांची धावपळ उडाली. दंड चुकविण्याच्या घाईत लिहिलेली नोंदवही आणि गावकऱ्यांनी वर्षभर फिरून भरलेली नोंदवही यांत जो फरक असावयाचा तो असणारच. तरीही साधन म्हणून ती नोंदवही मोलाची आहे. कोणत्याही भूविकास प्रकल्पाला परवानगी देण्यापूर्वी ती उघडून पाहणे सक्तीचे करावे. पाहणीचा खर्च प्रकल्पवाल्याने शासनाकडे भरावा आणि पाहणी करणारा शासनाने नेमावा. पावसाळा आणि ऊसतोडीचा हंगाम हे दोन्ही काळ तीत यावेत. कारण पिल्ले सापडतात ती तोडणीच्या वेळी, आणि ती प्रथम दिसतात तोडणी कामगाराला. त्याची आणि माळावर मेंढ्या वळणाऱ्या धनगराची साक्ष अहवालात नोंदली जावी, आणि तो अहवाल जनसुनावणीच्या किमान महिनाभर आधी मराठीतून ग्रामपंचायतीत ठेवला जावा.