गणवेश उतरला, पुस्तक हाती आले



आमच्या सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांचे ठोके ऐकतच मुले लहानाची मोठी होतात. पत्र्याची घागर होण्यास कारागिराचा हात लागतो, तसा भट्टीतला कोळसाही लागतो. माणसाचे तसेच आहे. अंगी गुण कितीही असोत, शिक्षणाचा खर्च कोणी सोसला नाही तर पत्रा पत्राच राहतो. याचा दाखला म्हणून एका परदेशी गृहस्थाची आठवण सांगतो.

जॉन पॉल स्टीव्हन्स यांचा जन्म १९२० साली अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. बापाचे मोठे हॉटेल होते. मंदीत ते बुडाले व बापास अफरातफरीच्या आरोपावरून दोषी ठरविण्यात आले. १९३४ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. एका निकालाने घराची अब्रू गेली व दुसऱ्याने परत आली, हे पोराने कोवळ्या वयात पाहिले.

६ डिसेंबर १९४१ रोजी ते आरमारात दाखल झाले आणि दुसऱ्याच दिवशी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. शत्रूच्या गुप्त संदेशांचा माग काढण्याच्या कामाबद्दल त्यांस पदक मिळाले. युद्ध संपले तेव्हा पुढे काय, हा प्रश्न होताच. परंतु १९४४ साली अमेरिकन सरकारने कायदाच केला होता, की परतलेल्या सैनिकाची फी व पोटखर्च सरकार देईल. सुमारे २२ लाख सैनिक त्या आधाराने महाविद्यालयांत गेले. स्टीव्हन्सही त्यांतलेच. १९४७ साली ते कायद्याची परीक्षा उत्तम गुणांनी उतरले आणि १९७५ ते २०१० पर्यंत तेथील सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. २०१९ साली, ९९ व्या वर्षी ते वारले.

त्यांचा २००४ चा एक निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ग्वांटानामो येथील आरमारी तळावर सरकारने परदेशी कैदी डांबले होते व त्यांची दाद कोणत्याही न्यायालयात लागणार नाही, असे सरकारचे म्हणणे होते. बहुमताचा निकाल लिहिताना स्टीव्हन्स यांनी सांगितले, की या कैद्यांची फिर्याद ऐकण्याचा न्यायालयास अधिकार आहे. ज्याने स्वतः आरमाराचा गणवेश घातला, त्यानेच आरमारी तळाच्या कोठडीपर्यंत कायदा नेला!

कोणी म्हणेल, तो गोऱ्या, मोठ्या घरचा होता. खरे आहे. त्याच कायद्याचा लाभ काळ्या सैनिकांना, विशेषतः दक्षिणेत, पुष्कळदा नाकारला गेला. मदत कागदावर सर्वांची व हातात मात्र थोड्यांच्या, हा रोग आपणांसही ठाऊक आहे. आणि स्टीव्हन्स वर्गात बसले होते, त्याच काळात, फेब्रुवारी १९४६ मध्ये, मुंबईच्या 'तलवार' ठाण्यावरील आपल्या खलाशांनी बरे अन्न व गोऱ्यांच्या बरोबरीचा पगार मागितला. त्यांतील शेकडोंच्या हाती पुस्तक आले नाही, बडतर्फीचा कागद आला.

आज काय आहे? २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होणाऱ्या चारांपैकी फार तर एकास चार वर्षांनंतर कायम ठेवण्याची तरतूद आहे. बाकीचे तीन ऐन पंचविशीच्या आसपास घरी येणार. त्यांस एकरकमी पैसा मिळेल, काही नोकऱ्यांत राखीव जागाही मिळतील. पण बंदूक धरलेल्या हाताने कोणाच्या तरी फाटकाशी दंडुका धरून बसावे, एवढीच त्या हाताची किंमत काय?

माझे सरकारास सांगणे आहे, की पदवीपर्यंत व पुढे कायद्याच्या शिक्षणापर्यंत या पोरांची फी सरकारने भरावी. आणि आईबापांस सांगणे आहे, की तो पैसा लग्नाच्या मांडवात व फटफटीत उडवू नका. बांधाच्या तंट्यात, सातबाराच्या चुकीत, सावकाराच्या कागदात आपण पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या वकिलापुढे हात जोडून उभे राहिलो. आपल्याच घरातला, शिस्तीत वाढलेला, न भिणारा पोरगा काळा कोट घालून उभा राहिला तर तालुक्याच्या कचेरीत आपला आवाज निराळा निघेल.

हात आपल्या घरी आहेत. भट्टीत कोळसा तेवढा घाला!